नारा एका दिवसात: गाइड घ्यावा का? आमचा अनुभव आणि थोडे प्रश्न

कोकमसार:
लिहीन लिहीन म्हणता म्हणता चार महिने गेले. नोव्हेंबरात आम्ही तिघं जपानला जाऊन आलो, मी, नवरा आणि माझी आई (वय ७१, गुडघे कुरकुरतात पण जीभ ठणठणीत). मुक्काम ओसाकात होता. तिथून देवळं बघायला आम्ही दोनदा गाइडबरोबर गेलो आणि दोन्ही दिवस इतके वेगळे निघाले की म्हटलं इथे टाकूया, कुणाला उपयोग होईल.

पहिला दिवस बसटूरचा. कंपनीचं नाव घेत नाही. क्योतो आणि नारा एकाच दिवसात, जेवणासकट. कागदावर पाच ठिकाणं होती. प्रत्यक्षात काय झालं तर तोदाईजीला, म्हणजे नाराच्या मोठ्या बुद्धाच्या देवळाला, चाळीस मिनिटं, त्यातली दहा स्वच्छतागृहाच्या रांगेत, आणि एका दुकानात मात्र पन्नास मिनिटं, का तर म्हणे पार्किंग तिथेच आहे. गाइड बाई बिचारी गोड होती पण तिचं सगळं लक्ष झेंड्यामागे माणसं मोजण्यात. आई बसमध्ये बसल्यावर म्हणाली, "अगं, मूर्ती मोठी होती एवढं कळलं, बाकी मी लोकांच्या पाठीच बघितल्या."

मग आम्ही तीन दिवसांनी परत गेलो, फक्त नारा, आणि एक खाजगी गाइड ठरवला. निवृत्त शाळामास्तर, इंग्रजी हळू पण स्वच्छ. त्यांनी आधीच इमेल करून सांगितलं की जेवणाआधी एक जागा, जेवणानंतर दोन, याहून जास्त दाखवणार नाही. नवरा कुरकुरला की पैसे तेवढेच मग ठिकाणं कमी कशी. पण तोच दिवस आता सगळ्यात जास्त आठवतो.

सकाळी ओसाकातल्या तेन्नोजी स्टेशनवरून जेआर रेल्वेची गाडी पकडून आधी होर्यूजी हे बौद्ध देऊळ. नारा शहराच्या अलीकडेच स्टेशन लागतं, तिथून वीस मिनिटं चालत किंवा बसने. ६०७ साली राजपुत्र शोतोकुंनी उभारलेलं, ६७० मध्ये जळलं असं जुन्या बखरीत आहे, परत बांधलं, आणि ते परत बांधलेलंसुद्धा जगातल्या सगळ्यात जुन्या लाकडी इमारतींत धरतात. आपण दगडातली लेणी बघून वाढलेली माणसं, तेराशे वर्षांचं लाकूड म्हटल्यावर डोकं चालेना. मास्तरांनी खांबाला हात लावू दिला नाही, लांबूनच दाखवलं की खांब मधे किंचित फुगीर आहे, वर निमुळता. आणि पाच मजली पॅगोड्याच्या मधल्या खांबाचं झाड ५९४ साली तोडलं होतं हे लाकडाच्या वलयांवरून काढलंय म्हणे. म्हणजे देऊळ स्थापन व्हायच्या आधीच झाड पडलेलं. याचा अर्थ काय यावर अभ्यासकांत अजून वाद आहेत हे सांगताना मास्तर जरा खुशीत आले, वाद आहे म्हणून.

त्याच पॅगोड्याच्या तळाशी जाळीतून आत बघायचं. मातीच्या छोट्या छोट्या मूर्ती आहेत, ७११ च्या. उत्तर बाजूला बुद्धाचं महापरिनिर्वाण, आणि भोवती बसलेले शिष्य, कुणी आ वासून रडतंय, कुणी छाती बडवतंय. शांत चेहऱ्याच्या मूर्तींची सवय असते ना आपल्याला, तिथे हे एकदम शेजारच्या घरात कुणी गेल्यासारखं. आई जाळीला नाक लावून दहा मिनिटं उभी. बसटूरमध्ये हे शक्य नव्हतं.

मग मुख्य दालन, कोन्दो. आत अंधार. भिंतींवर चित्रं आहेत, पण ती मूळ नाहीत. मूळ चित्रं २६ जानेवारी १९४९ ला आगीत होरपळली, आणि तीही त्यांच्या नकला करण्याचं काम चालू असताना. आज दिसतात त्या १९६८ मध्ये बसवलेल्या नव्या प्रती. आगीच्या धक्क्यातून पुढच्याच वर्षी सांस्कृतिक ठेवा जपायचा कायदा आला आणि २६ जानेवारी हा तिकडे देवळांत अग्निशमनाच्या कवायतींचा दिवस असतो. आपला प्रजासत्ताक दिन, त्यांचे पाण्याचे फवारे. तर त्या अंधारात अमिदा बुद्धाच्या बाजूचा बोधिसत्त्व बघून आई एकदम म्हणाली, "हा आपला पद्मपाणी!" मी म्हटलं हळू बोल. मास्तरांनी विचारलं काय म्हणतायत, मी सांगितलं अजिंठा, आणि त्या माणसाचा चेहरा काय उजळला! म्हणाले बरोबर आहे, ही तुलना शंभर वर्षं चालू आहे. आराई कान्पो नावाचे चित्रकार १९१६ मध्ये भारतात आले होते, अजिंठ्याची चित्रं उतरवली, आणि उतारवयात तेच होर्यूजीच्या भिंतींच्या नकला करणाऱ्यांत होते. १९४५ मध्ये गेले, आग बघावी लागली नाही. आई शाळेच्या सहलीत एसटीने अजिंठ्याला गेली होती, १९६५ च्या आसपास. तिला तेव्हा कंदिलाच्या उजेडात दाखवलेलं म्हणे. मग पुढचा अर्धा तास मीच दुभाषी, आई आणि मास्तर दोघं गप्पा मारतायत.

तर प्रश्न असे: १) कुणी क्योतोत असाच चांगला गाइड घेतलाय का, कसा शोधलात? २) सासूसासरे जाणारेत पुढच्या वर्षी, त्यांना नाराच सुचवू की निक्को? ३) शाकाहारी जेवणाचं काय करता? आमचे हाल झाले, ते वेगळं लिहीन.

उनाड_चप्पल:
मस्त लिहिलंय. फोटो?

कोकमसार:
कोन्दोत फोटो काढू देत नाहीत. बाहेरचे टाकते रात्री. हरणाचे शंभर आहेत, नवऱ्याने काढलेले.

ओसाकावासी:
ताई, सात वर्षं इथे राहतोय, पाहुणे आले की नाराची वारी ठरलेली, म्हणून सांगतो. गाइडवर पैसे खर्च करायचे नसतील तर नारात स्वयंसेवक गाइड मिळतात, कॉलेजची पोरं आणि निवृत्त मंडळी. फी नाही, फक्त त्यांचं तिकीट, प्रवेश आणि जेवण आपण बघायचं. मात्र बरंच आधी नोंदवावं लागतं, आयत्या वेळी मिळत नाहीत. पोरांची इंग्रजी कधी कधी पाठ केलेली असते, मधे प्रश्न विचारला की गाडी थांबते, पण उत्साह भारी.

ओसाकातल्या नाम्बाहून किन्तेत्सु या खाजगी रेल्वेची गाडी घेतलीत तर चाळीस मिनिटांत नारा आणि स्टेशन उद्यानाच्या अगदी जवळ. जेआरचं नारा स्टेशन जरा लांब पडतं. पण होर्यूजी करायचं असेल तर तुम्ही केलंत तेच बरोबर, जेआरने आधी तिकडे आणि मग नारा, उलट केलं की दुपारी कंटाळा येतो आणि होर्यूजी राहूनच जातं. माझ्या दहातल्या नऊ पाहुण्यांचं राहिलंय.

तिसरा_डबा:
होर्यूजी, तोदाईजी, कोफुकुजी... सगळ्यांना जी लावतात, काय संस्कारी लोक 😀

कोकमसार:
अहो आईलाही तेच वाटलं! पहिल्या दिवशी म्हणाली किती आदराने नावं घेतात. "जी" म्हणजे बौद्ध देऊळ. नाव ताइशा, जिंगू, जिंजाने संपलं तर शिंतो, म्हणजे तिथल्या मूळ धर्माचं, पुढे तोरी कमान असते.

आजीचीनात:
आणि नमस्कार करायची पद्धतही वेगळी हे लिहा कोणीतरी. शिंतो देवळात दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, मग एकदा वाकायचं. बौद्ध देवळात टाळ्या नाहीत, नुसते हात जोडायचे, आपल्यासारखे. मी तोदाईजीत खणखणीत दोन टाळ्या वाजवल्या होत्या, शेजारच्या आजोबांनी नुसतं बघितलं. मेल्याहून मेल्यासारखं.

भारद्वाज_गोत्री:
धागा वाचून राहवलं नाही. तोदाईजीच्या मोठ्या दालनाबाहेर उजव्या हाताला लाल पांघरूण घेतलेली एक लाकडी मूर्ती आहे ती बघितलीत का? झिजलेली, जरा भीतीदायक. लोक तिचा गुडघा चोळतात मग स्वतःचा गुडघा चोळतात. तिचं नाव बिंझुरू, म्हणजे पिंडोल भारद्वाज, बुद्धाचा शिष्य. बायकोला म्हटलं नमस्कार कर, आमच्या गोत्राचे आहेत. तिने नमस्कार केला नाही पण माझ्या पाठीवर थापटून घेतलं.

आता जरा गंभीर. त्या दालनातल्या मोठ्या बुद्धाचे डोळे ७५२ साली उघडले म्हणजे रंगवले, ते एका भारतीय भिक्षूने, बोधिसेन. ७३६ मध्ये जपानला पोचला होता. सम्राट शोमूंनी ही मूर्ती ७४३ मध्ये योजली, त्याआधी काही वर्षं देवीच्या साथीने देशाची दाणादाण उडालेली होती. डोळे उघडायच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधलेल्या आणि जमलेल्या लोकांनी त्या दोऱ्या धरलेल्या, म्हणजे प्रत्येकाचा हात लागला. तो कुंचला अजून शोसोइन भांडारात आहे. रथाचा दोर धरतो ना आपण, तसंच काहीसं. मला हे आधी माहीत असतं तर मी त्या चाळीस मिनिटांत दुकानात मॅग्नेट बघत बसलो नसतो.

तिसरा_डबा:
म्हणजे थोडक्यात सगळं आपल्याकडूनच गेलं.

शेवगा_शेंग:
थांबा थांबा. हे वाक्य प्रत्येक जपान धाग्यावर येतंच. डोळे रंगवणारा भारतीय होता हे खरंच, पण मूर्ती ओतली ती तिथल्या आणि कोरियाकडून आलेल्या घराण्यांतल्या कारागिरांनी, देवळं बांधायची कला कोरियातल्या बेक्जे राज्यातून आली, लिपी चीनची. होर्यूजीतल्या त्या उंच सडपातळ मूर्तीला कुदारा कान्नोन म्हणतात, कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर आणि कुदारा म्हणजे बेक्जेच. आणि नारातल्या कासुगा या शिंतो देवळाचा देव तर पूर्ण तिथला, पांढऱ्या हरणावर बसून काशिमाहून आला अशी कथा, म्हणून हरणं देवाची.

गेलं ते बदललं, ही खरी गंमत आहे. कोफुकुजीच्या संग्रहालयात असुराची मूर्ती आहे, ७३४ ची, तीन तोंडं सहा हात. आपल्याकडे असुर म्हटलं की मिशा आणि खदाखदा हसू. तिकडे बारीक हाताचा, भुवया किंचित आक्रसलेला एक पोरगा, काहीतरी चुकलंय हे कळलेला. उंची दीड मीटर. लाखेत भिजवलेलं कापड मातीच्या साच्यावर थरावर थर चढवायचं आणि मग आतली माती काढून टाकायची, त्यामुळे आतून पोकळ आणि हलका, आगी लागल्या तेव्हा उचलून पळता आलं म्हणून वाचला असं म्हणतात. आमच्या सौंनी बघून म्हटलं, "याला असुर कोण म्हणेल?" मी म्हटलं तेच तर.

(कोफुकुजीचा पॅगोडा बघायला जाऊ नका, दुरुस्तीसाठी झाकलाय सध्या.)

तिसरा_डबा:
बरं बाबा, चुकलो. पण लिपीचं एक सांगा, थडग्यांवर संस्कृत दिसतं ते काय?

शेवगा_शेंग:
सिद्धम्, आपल्याकडची जुनी लिपी. बोंजी म्हणतात तिकडे. भिक्षू अजून शिकतात. आणि एक गंमत: जपानी मुलं शाळेत मुळाक्षरं म्हणतात ती अ इ उ ए ओ, मग क स त न ह म य र व. क्रम ओळखीचा वाटतो ना? संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून आलाय. तोदाईजीच्या दक्षिण दरवाज्यातले ते दोन अक्राळविक्राळ द्वारपाल, साडेआठ मीटरच्या आसपास, १२०३ मध्ये उन्केई आणि काइकेईच्या हातच्या मंडळींनी सत्तर दिवसांच्या आत उभे केलेले, त्यांची तोंडं बघा. एकाचं उघडं, "अ". दुसऱ्याचं मिटलेलं, "हूँ". वर्णमालेची सुरुवात आणि शेवट.

कोकमसार:
हे आम्हाला मास्तरांनी सांगितलं होतं! आणि आईने ताबडतोब तिथे दोघांसमोर उभं राहून तोंड उघडून मिटून दाखवलं. व्हिडिओ आहे पण ती टाकू देणार नाही.

आजीचीनात:
हरणांबद्दल कुणीच लिहीत नाही? माझ्या सात वर्षांच्या नातीला हरणाने मागून ढुशी दिली, बिस्किटं हातात होती म्हणून. तिथे ती खास बिस्किटं मिळतात, त्यांच्याकरताच बनवलेली, साखर नसते. ती घेतलीत की लगेच देऊन टाका, नाचवत बसू नका. वाकून मान हलवतात ते फार गोड दिसतं पण भूक लागली म्हणून हलवतात, नम्र आहेत म्हणून नाही. कागद खातात. आमचा नकाशा खाल्ला.

ओसाकावासी:
ऑक्टोबरात शिंगं कापायचा सोहळा असतो, तरी नर जरा तापट असतात तेव्हा. जूनमध्ये पाडसं असतात, आयांच्या जवळ जाऊ नका.

निवांत_संध्याकाळ:
मी विरुद्ध बाजूचा. मला गाइड नकोच वाटतो. कासुगाला मी एकटाच गेलो होतो, संध्याकाळी चारला, पाऊस पडत होता. दगडी कंदिलांच्या रांगा, शेवाळ चढलेलं, हजारो आहेत. मधून एखादं हरीण डोकं काढतं. कुणी माझ्या कानाशी साल आणि घराण्याचं नाव सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. आत एक अंधारी खोली आहे जिथे वर्षभर कंदील लावून ठेवतात, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये सगळेच्या सगळे लावतात तेव्हा कसं दिसत असेल याची झलक म्हणून. तिथे मी बराच वेळ उभा होतो. ७६८ ची स्थापना हे परत येऊन वाचलं, काही बिघडलं नाही.

कोकमसार:
निवांत, मान्य आहे. कासुगाला आमच्या मास्तरांनीसुद्धा काही सांगितलं नाही हो, दारात म्हणाले आता तुम्ही जा, मी इथे बाकावर बसतो. पण होर्यूजीत मी एकटी गेले असते तर त्या जाळीपुढून अर्ध्या मिनिटात पुढे गेले असते. रडणाऱ्या मूर्ती दिसल्याच नसत्या. आत अंधार, काय बघायचं हे माहीत नसेल तर काही दिसत नाही.

अजून एक राहिलं. होर्यूजीच्या पूर्व भागात अष्टकोनी स्वप्नमंदिर आहे, युमेदोनो. त्यातला गुझे कान्नोन शेकडो वर्षं कापडात गुंडाळून ठेवलेला, भिक्षूंनीही बघितलेला नव्हता. १८८४ मध्ये सरकारी पाहणीवर आलेले फेनोलोसा आणि ओकाकुरा यांनी ती गुंडाळी उघडायला लावली. आता वर्षातून दोनदाच दार उघडतं, ११ एप्रिल ते १८ मे आणि २२ ऑक्टोबर ते २२ नोव्हेंबर. आम्ही योगायोगाने त्यात सापडलो. जाणार असाल तर तारखा बघूनच जा.

उनाड_चप्पल:
जेवणाचं सांगणार होतात.

कोकमसार:
हो! मिसो सूप शाकाहारी असतं असं समजून आईने तीन दिवस प्यायलं. चौथ्या दिवशी मास्तरांनी सांगितलं की त्यात दाशी असतो, सुक्या माशाचा. आई दोन मिनिटं गप्प बसली, मग म्हणाली, "आता प्यायले ते प्यायले, चव चांगली होती." पर्सिमनच्या पानात गुंडाळलेली सुशी नाराची खासियत, दिसायला पातोळ्यासारखी, पण आत मासा. त्या दिवशी आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्यायला हवी होती, नेली नव्हती. मास्तरांनी एका छोट्या ठिकाणी कुझू नावाच्या कंदाच्या पिठाचा मऊ पदार्थ आणि भात-लोणचं मिळवून दिलं. लोणचं साकेच्या चोथ्यात मुरवलेलं, तेही आईला नंतर सांगितलं.

आजीचीनात:
😀 देवळांतलं भिक्षूंचं जेवण, शोजिन, ते पूर्ण शाकाहारी असतं, पण आधी सांगावं लागतं आणि महाग. कोन्बिनीत, म्हणजे तिथल्या छोट्या दुकानांत, उमेबोशीचा (खारवलेल्या आंबट फळाचा) ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, सुरक्षित, तरी पाकीट फोनवर भाषांतर करून बघा. कचऱ्याला पिशवी न्या, डबे नसतात रस्त्यावर.

ओसाकावासी:
सासूसासऱ्यांचं: निक्को सुंदर आहे पण तोक्योहून गाडीने दोन तास जाणं, दोन येणं, आणि तोशोगू देवळात जुन्या राज्यकर्त्या इएयासूच्या समाधीपर्यंत २०७ दगडी पायऱ्या. गुडघे असतील तर नाराच. नारात खडी खूप, पायऱ्या कमी. तोदाईजीचं निगात्सुदो दालन मात्र चढावर आहे, वरून शहर दिसतं, हळूहळू न्या. तिथे मार्चच्या पहिल्या दोन आठवड्यांत रात्री पेटत्या मशाली घेऊन सज्जावर पळतात, ७५२ पासून एकही वर्ष चुकलेलं नाही. गर्दी मरणाची, ज्येष्ठांना नको.

भारद्वाज_गोत्री:
तोदाईजीतल्या त्या खांबाच्या भोकातून जायचा प्रयत्न कुणी केला का? बुद्धाच्या नाकपुडीएवढं म्हणतात. पोरं सुळकन जातात. मी खांद्यापर्यंत गेलो.

उनाड_चप्पल:
मग?

भारद्वाज_गोत्री:
मग बायकोने पाय धरून ओढलं. नंतर दहा मिनिटं गोत्रबंधूंकडे जाऊन खांदा चोळला.

चाफेकळी_२:
नवीन आहे इथे, गेले महिनाभर हा धागा वाचत होते. काल आम्ही होर्यूजीला जाऊन आलो, गाइडशिवाय, हा धागा फोनवर उघडा ठेवून. जाळीतून बघितलं. उत्तर बाजू शोधायला जरा वेळ लागला, तिथे गर्दी नव्हती, सगळे दुसऱ्या बाजूला. रडणारे सापडले. माझे सासरे गेल्या वर्षी गेले, नवरा काही बोलला नाही पण तिथून हलेना. मग मीही थांबले.

दोन प्रश्न आहेत, देवळातल्या त्या शिक्क्यांच्या वहीत शिंतो आणि बौद्ध दोन्हींचे शिक्के एकाच वहीत घेतले तर चालतं का? आणि वही पहिल्या देवळातच मिळते की आधी आणावी?

कोकमसार:
चाफेकळी, वाचून बरं वाटलं तुम्ही गेलात ते. वही देवळातच मिळते, शिक्क्याचे साधारण पाचशे येन वेगळे, सुट्टे ठेवा. आमच्या ह्यांनी दोन्ही एकाच वहीत घेतले, कुणी काही म्हटलं नाही, पण काही ठिकाणी नाराज होतात असं मास्तर म्हणाले, म्हणून आईने स्वतःसाठी दोन वह्या घेतल्या. एक अजून कोरी आहे.